बुद्धिबळाचे २०२४

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. वक्ते रेल्वेच्या बिलासपूर विभागात सीनियर सेक्शन इंजिनियर, पी-वे, या पदावर आहेत.)



या व्यासपीठावरून दर वर्षी कुणीतरी प्राध्यापक किंवा लेखक बोलतात. आज ठरलेल्या पाहुण्यांना येणे जमले नाही, म्हणून समितीने कॉलनीतला माणूस धरला. मी डिप्लोमावाला. रूळ, स्लीपर आणि खडी हा माझा विषय. त्यावर पाऊण तास बोललो तर पुढच्या वर्षी वर्गणी कमी होईल. म्हणून समितीने दुसरा विषय सुचवला. आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी मी पोरांना बुद्धिबळ खेळायला बसवतो हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आज २०२४ या एका वर्षाबद्दल बोलतो. क्रिकेटवाल्यांना १९८३ आहे, तसे आम्हा बुद्धिबळवाल्यांना २०२४ आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्याच कॉलनीतल्या दोन पालकांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, मुलगा बरा खेळतो. शाळा थांबवून पूर्ण वेळ बुद्धिबळाला लावू का?" चहाच्या टपरीवर याचे उत्तर देता येत नाही. आज जे सांगणार आहे ते त्या दोघांनी नीट ऐकावे. नावे घेत नाही, दोघेही समोरच बसले आहेत.

सुरुवात एप्रिलपासून करू. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवायला आठ खेळाडूंची एक स्पर्धा होते, तिला कँडिडेट्स म्हणतात. २०२४ साली ती कॅनडात टोरोंटोला झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळायचे, एकूण चौदा फेऱ्या. आनंद सोडला तर त्याआधी भारताचा माणूस तिथे दिसणे दुर्मीळ. या वेळी आठात तिघे भारतीय होते : चेन्नईचे गुकेश आणि प्रज्ञानंद, आणि आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. शेजारीच महिलांची स्पर्धा चालू होती, तिच्यात कोनेरू हंपी आणि प्रज्ञानंदची बहीण वैशाली. सख्खे भाऊ-बहीण दोघेही ग्रँडमास्टर आणि दोघेही कँडिडेट्समध्ये, असे जगात पूर्वी झालेले नव्हते.

विदितबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण गुकेशच्या गाजावाजात त्याचे नाव मागे पडले. अमेरिकेचा हिकारू नाकामुरा त्या वेळी सत्तेचाळीस डाव न हरता आला होता. दुसऱ्याच फेरीत विदितने काळी मोहरी घेऊन त्याला हरवले. नवव्या फेरीत पुन्हा हरवले. एकाच स्पर्धेत नाकामुराला दोनदा! पण शेवटी विदित सहावा आला, कारण बाकीच्यांशी गुण निसटले. सगळ्यात बलवान माणसाला दोनदा पाडूनही स्पर्धा हातातून जाते, हा या खेळाचा हिशेब आहे. चौदा फेऱ्यांची बेरीज शेवटी पाहिली जाते.

गुकेश तेव्हा सतरा वर्षांचा होता. सातव्या फेरीत फ्रान्सच्या अलिरेझा फिरुझाशी तो हरला, तेही घड्याळात सेकंद उरलेले असताना. नंतर त्याने मुलाखतीत सांगितले की त्या पराभवानंतरच आपण ही स्पर्धा जिंकू शकतो असे त्याला वाटू लागले. आपल्यासारख्याला हे उलटे वाटते. पण पुढच्या सात फेऱ्यांत तो एकही डाव हरला नाही हे खरे.

शेवटच्या फेरीचे डाव आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाले. गुकेश अर्ध्या गुणाने पुढे. त्याने नाकामुराशी बरोबरी केली आणि तो मोकळा झाला. पण शेजारच्या पटावर अमेरिकेचा कारुआना आणि रशियाचा नेपोम्नियाची खेळत होते. त्यांच्यापैकी कुणीही जिंकला असता तर गुकेशशी बरोबरी होऊन टायब्रेक झाला असता. कारुआनाचा डाव तर जिंकण्यासारखाच होता. तो डाव एकशेनऊ चालींपर्यंत चालला आणि बरोबरीत सुटला. इकडे उजाडायला आले होते. ज्यांनी तो डाव रात्रभर पाहिला ते दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कसे गेले हे मला माहीत आहे, मी त्यांच्यापैकी एक होतो. नऊ गुण घेऊन गुकेश आव्हानवीर झाला. इतक्या लहान वयात ही स्पर्धा आजवर कुणी जिंकली नव्हती.

आता सप्टेंबर. बुडापेस्टचे ऑलिंपियाड. आपल्याकडे गणपती बसले होते आणि तिकडे ही स्पर्धा सुरू झाली. ऑलिंपियाड म्हणजे देशांची लढत. प्रत्येक सामन्यात चार पटांवर चार जण खेळतात, पाचवा राखीव. अकरा फेऱ्या. भारताला खुल्या गटात २०१४ साली एकदा आणि २०२२ साली चेन्नईजवळ महाबलिपुरमला पुन्हा कांस्यपदक मिळाले होते. २०२२ मध्ये मुलींनाही कांस्यच. सुवर्ण कधीच नाही. करोनाच्या काळात २०२० मध्ये ऑनलाइन ऑलिंपियाड झाले आणि भारताला रशियाबरोबर सुवर्ण विभागून मिळाले. त्या संघाचा कर्णधार विदित होता. पण पटावर समोरासमोर बसून मिळवलेले ते नव्हते.

बुडापेस्टला गुकेश, प्रज्ञानंद, वरंगळचा अर्जुन एरिगैसी, विदित आणि हरिकृष्ण असा संघ होता. अकरापैकी दहा सामने जिंकले, एक उझबेकिस्तानशी बरोबरीत सुटला. बावीसपैकी एकवीस गुण. एकूण चव्वेचाळीस डाव खेळले गेले आणि त्यांतला एकच डाव हरला. मी पुन्हा सांगतो, चव्वेचाळीसात एक. पहिल्या पटावर गुकेशने दहा डावांत नऊ गुण केले, तिसऱ्या पटावर अर्जुनने अकरांत दहा. दोघांना वैयक्तिक सुवर्ण मिळाले. चौथ्या पटावर विदित एकही डाव हरला नाही. चौथा पट म्हणजे आपल्याकडचा गँगचा कीमन. रोज उठून आपला सेक्शन चालत तपासायचा, फोटोत कधी यायचे नाही, पण तो ढिला पडला तर गाडी घसरणार.

मुलींची गोष्ट जास्त कठीण आणि मला जास्त आवडणारी. पहिले सात सामने जिंकल्यावर आठव्या फेरीत पोलंडने हरवले. नवव्यात अमेरिकेशी बरोबरी. हातातले सुवर्ण जाणार असेच वाटत होते. दहाव्या फेरीत समोर चीन. तीन पट बरोबरीत सुटले आणि एकच जिंकला, तो आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा. शेवटच्या फेरीत अझरबैजानला साडेतीन-अर्धा असे हरवले आणि सुवर्ण आले. दिव्याने अकरांत साडेनऊ गुण करून तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही घेतले. चौथ्या पटाचे वंतिका अगरवालला मिळाले. या संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. एकाच ऑलिंपियाडमध्ये दोन्ही सुवर्णे आधी फक्त सोव्हिएत संघाने आणि चीनने घेतली होती.

त्या संघातल्या हरिका द्रोणवल्लीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुंटूरची ही मुलगी २००४ साली तेरा वर्षांची असताना पहिले ऑलिंपियाड खेळली. २०२२ मध्ये नववा महिना चालू असताना महाबलिपुरमला पटावर बसली आणि संघाला कांस्य मिळवून दिले. बुडापेस्टला तिची स्वतःची कामगिरी फारशी चांगली झाली नाही, पण शेवटच्या फेरीचा डाव तिने जिंकला. पहिल्या ऑलिंपियाडनंतर वीस वर्षांनी तिच्या गळ्यात सुवर्ण पडले. आपल्याकडे प्रमोशन पाच वर्षे अडकले तर माणूस कँटीनमध्ये तोंड पाडून बसतो, म्हणून सांगितले.

दिव्याचे वडील आणि आई दोघेही डॉक्टर. इथल्या निम्म्या घरांचे सासर किंवा माहेर नागपुरात आहे, रात्री गाडीत बसले की सकाळी नागपूर. त्यामुळे तिला मी "आपली" म्हणतो, तिने रागावू नये. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला झालेली वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा तिने अकरांपैकी दहा गुण घेऊन जिंकली होती. पण त्या वर्षाची तिची सुरुवात वेगळी होती. जानेवारीत हॉलंडमध्ये वाईक आन झी इथली स्पर्धा खेळून झाल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींबद्दल बोलत नाहीत. ते तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर बोलतात, आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत खेळाबद्दल बोलतात. अठरा वर्षांच्या मुलीने हे लिहायला जी छाती लागते ती चीनविरुद्धच्या डावाला लागली त्यापेक्षा कमी नाही असे माझे मत आहे. मुलींच्या बापांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या इन्स्टिट्यूटमध्येही मुली दहा-बारा वर्षांच्या होईपर्यंत येतात आणि नंतर येईनाशा होतात. का येत नाहीत हे त्यांच्या आयांना मी विचारले आहे. "तिथे सगळी पोरंच असतात" हे उत्तर मिळते. म्हणून समितीला विनंती केली आहे की मुलींसाठी दोन दिवस वेगळे ठेवावेत आणि त्या दिवशी एखाद्या वहिनींनी तिथे बसावे.

पुढचेही सांगून टाकतो. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक झाला. अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय, दिव्या आणि हंपी. दिव्या टायब्रेकमध्ये जिंकली. ग्रँडमास्टर व्हायला साधारणपणे तीन नॉर्म आणि अडीच हजार रेटिंग लागते. दिव्याकडे तेव्हा एकही नॉर्म नव्हता, पण विश्वचषकाच्या विजेतीला ती पदवी थेट मिळते. अशी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली.

जाता जाता एक. बुद्धिबळात आपली मराठी माणसे आज उगवलेली नाहीत. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वसंती खाडिलकर यांनी जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या त्या कन्या. वसंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी पुढची काही वर्षे ते विजेतेपद घराबाहेर फारसे जाऊ दिले नाही. मुंबईचे प्रवीण ठिपसे भारताचे तिसरे ग्रँडमास्टर, १९९७ साली झाले. कुंटे चौथे, २००० साली. तेव्हा ग्रँडमास्टर एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते.

आता मुख्य गोष्ट. २५ नोव्हेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. चीनचा डिंग लिरेन हा जगज्जेता, आव्हानवीर गुकेश. चौदा डाव.

डिंगबद्दल आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी फार कमी लिहिले. २०२३ मध्ये तो जगज्जेता झाला आणि त्यानंतर आजारी पडला. झोप येत नाही, मन लागत नाही, हे त्याने स्वतःच उघडपणे सांगितले होते. कित्येक महिने तो स्पर्धांपासून लांब राहिला. जानेवारी २०२४ नंतर त्याने दीर्घ वेळेचा एकही डाव जिंकला नव्हता. क्रमवारीत तेविसावा गेला होता. पोरगा त्याला सहज हरवणार असे सगळे म्हणत होते. आणि पहिलाच डाव डिंगने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला!

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या सामन्यात पहिल्या चाळीस चालींना प्रत्येकाला दोन तास मिळत होते आणि त्या दोन तासांत वरचे सेकंद मिळत नव्हते. चाळीस चाली झाल्या की मग अर्धा तास आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद. रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कंट्रोलने दोन तासांचा ब्लॉक दिला की दोन तासांत रूळ बदलून, फिशप्लेट लावून, पॅकिंग करून लाइन मोकळी द्यायची. पहिला पाऊण तास सगळे निवांत असतात, चहा होतो. शेवटच्या वीस मिनिटांत माणसाचे खरे रूप दिसते. ब्लॉक बर्स्ट झाला तर मागे एकामागोमाग एक गाड्या उभ्या राहतात आणि फोन वाजू लागतो. तिसऱ्या डावात डिंगचा ब्लॉक बर्स्ट झाला. सदतिसाव्या चालीला वेळ संपली, डावही हातातून गेलेलाच होता. एक-एक अशी बरोबरी झाली.

मग चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सात डाव सलग बरोबरीत. पाहणाऱ्यांना कंटाळा आला, पण बरोबरीचे डाव रिकामे नसतात. कुठल्या जागी समोरचा घाबरतो, कुठे जास्त वेळ घेतो, हे दोघेही टिपत होते. डिंग चांगली स्थिती असतानाही बरोबरी घ्यायला तयार असतो आणि गुकेश बरोबरीची स्थिती असतानाही खेळत राहतो, हे या सात डावांत दिसून आले. शेवटी सामना याच गोष्टीवर ठरला.

अकरावा डाव गुकेशने घेतला. डिंगने वेळेच्या तंगीत वजिराची एक चाल चुकीची खेळली आणि एकोणतिसाव्या चालीला डाव संपला. आता सामना संपला असे म्हणणाऱ्यांना डिंगने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले. बारावा डाव त्याने इतका सुरेख खेळला की गुकेशला हालचालीला जागाच उरली नाही. आजारी म्हणून ज्याची कीव केली जात होती त्या माणसाचा तो डाव आहे. पोरांनो, विजेत्याचे डाव तर तुम्ही पाहालच, पण हा बारावा डाव पटावर मांडून पाहा. तेरावा बरोबरीत. सहा-साडेसहा असे काही नाही, अगदी साडेसहा-साडेसहा. एक डाव बाकी.

१२ डिसेंबर. चौदावा डाव. पांढरी मोहरी डिंगकडे. पट रिकामा होत गेला आणि शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी उरली. गुकेशकडे एक प्यादे जास्त. पण जाणकार सांगत होते की ही बरोबरीच आहे. पांढऱ्याने नुसते सांभाळून बसायचे. दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक झाला असता आणि त्यात डिंगचे पारडे जड मानले जात होते. गुकेशच्या जागी दुसरा कुणी असता तर हात पुढे करून मोकळा झाला असता. तो खेळत राहिला. धोका नव्हता, म्हणून दाबत राहिला.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तीची मारामारी देऊ केली. वरून पाहिले तर सरळ विचार आहे, मोहरी कमी झाली की बरोबरी सोपी. पण त्याचा उंट पार कोपऱ्यात, आठव्या पट्टीच्या टोकाच्या घरात अडकलेला होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट मध्यावर आणून त्याच्या उंटासमोर ठेवला. आता उंटाला पळायला वाट नाही. उंटही मारले जाणार, आणि मग उरतात राजे आणि प्यादी. राजा-प्याद्यांच्या खेळात एक प्यादे जास्त म्हणजे बहुधा जिंकलेला डाव. हे आपल्या इन्स्टिट्यूटमधला बारा वर्षांचा पोरगासुद्धा सांगेल, पण चार तास खेळून थकलेल्या जगज्जेत्याला त्या क्षणी दिसले नाही.

त्या वेळी थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांनी गुकेशचा चेहरा पाहिला. आधी त्याला विश्वास बसेना. पाणी प्यायला, खुर्चीत सरकला, पुन्हा पट पाहिला. मग चाल केली. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. साडेसात-साडेसहा. अठरा वर्षांचा पोरगा अठरावा जगज्जेता झाला. आधीचा विक्रम कास्पारोवचा, १९८५ सालचा, बावीस वर्षांचा. गुकेश रडत होता आणि रडता रडता पटावरची सगळी मोहरी आपापल्या घरात परत मांडत होता. ही त्याची नेहमीची सवय, डाव संपला की मोहरी जागच्या जागी ठेवायची. वडील बाहेर येरझाऱ्या घालत होते.

या शेवटावर काही मोठ्या लोकांनी नाके मुरडली. माजी जगज्जेता क्रामनिक याने तर फार कडक शब्दांत टीका केली. अशा ढोबळ चुकीवर जगज्जेतेपद ठरावे हे त्यांना रुचले नाही. मला ही टीका पटत नाही. चूक आपोआप होत नाही, ती होण्याइतका वेळ समोरच्याला बसवून ठेवावे लागते. रूळ थंडीत तुटतो तेव्हा त्या एका रात्रीच्या थंडीने तुटत नाही, आतली भेग आधीपासून वाढत असते. चौदा डावांच्या थकव्याने डिंगला तिथवर आणले होते.

वर्ष इथेही थांबले नाही. डिसेंबरच्या यादीत अर्जुन २८०१ रेटिंगवर पोचला. आनंदनंतर २८०० ओलांडणारा तो दुसराच भारतीय. वर्ष संपता संपता न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा झाली. तिथे मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला, आयोजकांनी बदलायला सांगितली, तो नाही म्हणाला आणि स्पर्धा सोडून गेला. जगभर त्या पँटची चर्चा. त्याच हॉलमध्ये सदतीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली कोनेरू हंपी पहिल्या फेरीत हरली आणि नंतर उठून अकरांत साडेआठ गुण करून दुसऱ्यांदा जागतिक विजेती झाली. त्या पँटएवढी जागा तिला वर्तमानपत्रांत मिळाली नाही. वैशालीला अतिजलद प्रकारात कांस्य मिळाले.

रेल्वेवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, त्याच २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे हा मध्य रेल्वेत टीसी होता. बुद्धिबळाचा त्याचा संबंध नाही, पण तुमच्या टाळ्या राहू नयेत म्हणून सांगितले. दुसरी जास्त महत्त्वाची. ज्या विश्वनाथन आनंदपासून हे सगळे सुरू झाले त्यांचे वडील दक्षिण रेल्वेत जनरल मॅनेजर होते आणि त्यांचे शिक्षण जमालपूरला झाले होते. म्हणजे भारतीय बुद्धिबळाची मेन लाइन रेल्वे क्वार्टरमधून निघाली आहे.

आता त्या दोन पालकांचा प्रश्न.

गुकेशची शाळा चौथीनंतर पूर्ण वेळ राहिली नाही, हे खरे आहे. त्याचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन, आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. वडिलांनी २०१७-१८ च्या सुमारास मुलाबरोबर फिरण्यासाठी प्रॅक्टिस थांबवली. घर आईच्या पगारावर चालले. पैशांची ओढाताण झाली, वडिलांच्या मित्रांनी मदत केली, हे गुकेशने जगज्जेता झाल्यावर स्वतः सांगितले. ही गोष्ट ऐकून आपल्याला भरून येते आणि आपणही तसेच करावे असे वाटते. पण तीन गोष्टी पाहा. सर्जनने एक वर्ष दवाखाना बंद ठेवला तर तो पुन्हा उघडता येतो. आपली नोकरी तशी उघडता येत नाही. दुसरे, चेन्नईत वेलम्मलसारखी शाळा आहे, जिने गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली यांना खेळासाठी मोकळीक दिली. तिथे १९७२ पासून सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाचा क्लब होता, ज्यात आनंद शिकला. आणि २०२० पासून आनंदची स्वतःची अकादमी. पन्नास वर्षे घातलेल्या भरावावर ती गाडी धावते आहे. तिसरे, गुकेश बारा वर्षे सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. त्याच्या शाळेचा निर्णय झाला तेव्हा तो आपल्या वयाच्या पोरांत जगात कुठे उभा आहे हे रेटिंगच्या आकड्यात दिसत होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. मुलगा कॉलनीत पहिला येतो एवढ्यावर शाळा थांबवू नका. जिल्ह्यात, राज्यात, मग राष्ट्रीय स्पर्धेत त्याचे काय होते ते दोन-तीन वर्षे पाहा. आपल्याला पास आहे, प्रवासाचा खर्च इतरांपेक्षा कमी आहे, त्याचा उपयोग करा. घरी शिकायला कॉम्प्युटरवरचा स्टॉकफिश फुकट मिळतो आणि तो जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. पण तो फक्त उत्तर सांगतो, विचार कसा करायचा ते सांगत नाही, म्हणून आधी पोराला पटावर बसवा. आणि रेल्वेचा संघ राष्ट्रीय सांघिक स्पर्धेत वर्षानुवर्षे खेळतो, खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते, हेही ध्यानात असू द्या. जगज्जेता आणि काहीच नाही यांच्या मध्ये बरीच स्टेशने आहेत.

दुसऱ्या पालकांना वेगळे सांगायचे आहे, कारण त्यांची मुलगी आहे आणि घरचे तिला थांबवा म्हणतात. बारावीला बसेपर्यंत तरी तिला थांबवू नका. तिचा खेळ मी तीन वर्षे पाहतो आहे. हरलेला डाव ती रडून सोडून देत नाही, घरी जाऊन पुन्हा मांडते आणि दुसऱ्या दिवशी येऊन चूक कुठे झाली ते मलाच दाखवते.

कुणी म्हणेल की जगज्जेता झाल्यावर गुकेशचे काय झाले? २०२५ मध्ये त्याच्या खेळात चढउतार आले. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात विश्वचषक झाला, दोनशे सहा खेळाडू, चषकाला नाव आनंदचे. त्यात गुकेश तिसऱ्या फेरीतच जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला. उझबेकिस्तानचा सिंदारोव जिंकला. तेव्हा लगेच लोक म्हणू लागले की पोरगा नशिबाने जगज्जेता झाला. मी एवढेच म्हणेन की त्यांनी बुडापेस्टचे त्याचे दहा डाव काढून पाहावेत.

वेळ बरीच झाली, आरतीची तयारी सुरू झालेली दिसते. उद्या दुपारी चार वाजता मांडवात मुलांची स्पर्धा आहे, सोळा पट लागतील. घड्याळे आपल्याकडे दहाच आहेत, ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणावीत. मुलींच्या नावांची यादी वेगळी आहे, ती वहिनींकडे द्यावी. आणि सिंगापूरच्या बाराव्या डावाच्या चाली मी कागदावर लिहून आणल्या आहेत, ज्यांना हव्या असतील त्यांनी आरतीनंतर माझ्याकडून घ्याव्यात.